मागच्या रांगेतली जोडी

६ फेब्रुवारी

लंबू,

फोन केला असता, पण फोनवर तू "हं, बोल" म्हणतोस आणि मला सांगायचं ते सुचेनासं होतं. मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज, मध्येच तुझं "एक मिनिट हं", आणि मग कोणालातरी टेबलक्लॉथ कुठले घालायचे ते सांगणं. म्हणून हे पत्र हॉटेलच्या पत्त्यावर टाकतेय. घरचा पत्ता तू कळवलेला नाहीस. मी मागत नाहीये.

कामाचं आधी. आपल्या सिनेमाला पंचवीस वर्षं झाली. "आपला" म्हणायची सवय अजून गेली नाही बघ, अख्ख्या सिनेमात आपण असू जेमतेम दोन मिनिटं. पुढच्या महिन्यात चौदा तारखेला मोठ्या थिएटरात खास खेळ ठेवलाय आणि जिन्यावरच्या नाचातल्या सगळ्या जोड्यांना स्टेजवर बोलावणार आहेत. हिरो-हिरॉइन येतील की नाही ते अजून नक्की नाही. कार्यक्रमवाल्या मुलीचा फोन आला होता. सिनेमा आला तेव्हा ती पाळण्यातही नसेल, पण तिला सगळा पाठ. एका बाजूने बंगल्यातली पोरं जिना उतरतात, दुसऱ्या बाजूने वस्तीतली चढतात, मधल्या पायऱ्यांवर जोड्या जमतात, आणि मागच्या रांगेत पांढऱ्या सुटातला तो उंच मुलगा ठिगळाच्या फ्रॉकमधल्या अनवाणी मुलीचे पाय बघतो आणि स्वतःचे बूट काढून ठेवतो. "तुम्ही म्हणजे त्याच ना?" असं तिने मला विचारलं. मी हो म्हटलं तर ती फोनवर ओरडलीच. तिच्या आईवडिलांनी म्हणे लग्नात बूट काढून फोटो काढलाय.

बूट दोन नंबर लहान होते आणि तुझ्या टाचा सोलवटल्या होत्या, हे मी तिला सांगितलं नाही. मलाही ते लग्नानंतरच कळलं होतं. उगाच कशाला एखाद्याच्या आईवडिलांचा फोटो बिघडवा.

त्या सगळ्या जोड्यांमध्ये खरं लग्न फक्त आपण केलं. त्यामुळे आपण दोघं हवेतच, असं ती म्हणाली. आपण वेगळ्या गावी राहतो हे मी बोलले नाही. "ते कामानिमित्त बाहेर असतात" एवढंच सांगितलं. खोटं तर नाही.

आता खरी गोष्ट. फोन दुकानाच्या काउंटरवर आला होता आणि आबा बाजूला चादरींच्या घड्या घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "म्हणजे लंबू येणार." प्रश्न विचारला नाही, ठरवूनच टाकलं. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत की चौदा तारखेला दुकान बंद. गिऱ्हाईक विचारतं का, तर म्हणतात, "मुलाचा सिनेमा आहे, हिरोच्या थोडा मागे असतो." तू शेवटचा आलास तेव्हा दुकानाला जुनंच शटर होतं. नवं बसून त्यालाही गंज धरला.

त्यांच्या डोळ्यांचं तुला मागे लिहिलं होतं. काचबिंदू आहे. उजवा गेलाच, डावा चाललाय. डॉक्टर म्हणाले, औषधाने वेळ लांबवता येईल, थांबवता यायचं नाही. आता ते इस्त्रीला हात लावत नाहीत, ते काम माझं. घड्या मात्र त्यांच्या. माणूस अगदी नाकाशी आला की ओळखतात. तर त्यांना काय हवंय ते तुला कळलं असेल. दिसतंय तोवर तुला एकदा बघायचंय. तसं ते बोलले नाहीत, पण परवा मला म्हणाले, "ए डॉक्टर, स्टेजच्या किती जवळ बसवतात गं?" मला अजून डॉक्टरच म्हणतात. डॉक्टरची मुलगी म्हटलं तर तोंड दुखतं त्यांचं.

येतोस का ते कळव. कार्डावर दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

— मी

२१ फेब्रुवारी

लंबू,

तुझं कार्ड मिळालं. समोरच्या बाजूला हॉटेलचा दिवाणखाना छान आहे. ती झुंबरं खरी आहेत का?

कार्ड आबांना वाचून दाखवायचं होतं. अर्धं वाचलं. "येतो" एवढं वाचलं, खालची ओळ गिळली. "आबांना कृपा करून आणू नकोस, समोरासमोर सविस्तर सांगेन." सविस्तर सांगायला तू भेटायचा कधी? पण तुझी वाट बघायची गरज पडली नाही. कार्यक्रमवाल्या मुलीने परत फोन केला आणि तिनेच सगळं सांगून टाकलं. स्टेजवर आपल्याबद्दल काय बोलायचं ते तिने लिहून काढलं होतं, बरोबर आहे ना म्हणून मला वाचून दाखवत होती. मुलगा कापड गिरणीच्या मालकाचा. मुलगी गरीब घरातली. सिनेमाच्या सेटवर भेट झाली. मुलाच्या दिवंगत वडिलांचा कडवा विरोध होता, पण प्रेमापुढे त्यांना नमावं लागलं.

मी विचारलं, "हे कोणी सांगितलं?" म्हणाली, "सरांनीच की. परवा फोनवर."

दिवंगत हा शब्द तिने दोनदा वाचला. समोर आबा बसले होते, शर्टांच्या कॉलरमध्ये पुठ्ठे घालत. मी म्हटलं, बरोबर आहे.

मला राग आला का म्हणशील, तर नाही आला. काहीच आलं नाही. फोन ठेवला आणि उरलेल्या पँटी संपवल्या. हाताला इस्त्री लागली तेही आबांनीच सांगितलं, त्यांना वास आला.

नंतर बसून आठवत होते की ही उलटापालट सुरू कुठे झाली. सूट इस्त्री करायला आबांच्या दुकानात आले होते आणि तू ते सायकलवरून पोचवायला आला होतास. बंगलेवाल्यांच्या बाजूला उभा राहणारा एक मुलगा आलाच नाही, आणि तो सूट तुझ्याशिवाय कोणाला लांबीला पुरेना. मी आले होते कॉलेजच्या मुलींबरोबर, पप्पांच्या गाडीतून. श्रीमंतांच्या बाजूला आम्ही जास्त झालो, वस्तीत एक कमी पडली. नाच बसवणाऱ्या शिट्टीवाल्या माणसाने मला हाताला धरून तिकडे नेलं आणि फ्रॉक अंगावर फेकला. चपला काढायला लावल्या. मग तुझ्यासमोर उभं केलं.

आठवडाभर आपण एकमेकांना तेच समजत होतो. तू फारसं बोलायचा नाहीस, मला वाटायचं मोठ्या घरातला आहे, मोजकं बोलतो. तू घाबरत होतास की तोंड उघडलं तर कळेल. मी मान खाली घालून बसायचे, कारण मला वाटायचं गरीब मुली अशाच बसत असतील. किती मूर्ख होते. तू मला तुझ्या डब्यातलं दिलंस, म्हणालास की आमच्या स्वयंपाक्याने केलंय. मी म्हटलं, आमच्याकडे असं कधी नसतं. ते खरंच होतं, आमच्या स्वयंपाक्याला इतकं चांगलं येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी कपडे परत केले आणि मी माझ्या कपड्यांत बाहेर आले. ड्रायव्हर गाडीचं दार धरून उभा. आणि तू सायकलच्या कॅरिअरला सुटांचं गाठोडं बांधत होतास. आपण इतके हसलो की ड्रायव्हर गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आला. मला तेव्हा वाटलं, दोघांना एकाच गोष्टीचं हसू आलंय.

मी तुझ्या सुटाच्या प्रेमात नव्हते, लंबू. सूट गेल्यावर मला उलट हायसं वाटलं. तुला मात्र त्या दिवशी लॉटरी लागली. तुला मी हवी होते, नाही असं नाही. पण बंगल्यासकट हवी होते. पप्पांनी माझं नाव टाकलं, तेव्हा मी एक दिवस रडले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आबांना म्हटलं, मला शिकवा. तू मात्र पप्पा गेले त्या दिवसापर्यंत त्यांच्या निरोपाची वाट बघत होतास. मग ते गेले, आणि महिन्याभरात तू हॉटेलची नोकरी धरलीस.

हे भांडायला लिहीत नाहीये. भांडणाला जीव लागतो. तुझ्या अटीवर काय करू ते फक्त कळव. आबांनी केस कापून घेतलेत.

३ मार्च

लंबू,

बरं झालं तू फोन केलास. फोनवर मी नुसतं हं हं केलं, म्हणून इथे लिहून टाकते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की माझा गैरसमज झाला.

तुझ्या बाजूने मला कळलं ते असं. हॉटेलच्या मालकीणबाईंना तो सिनेमा जीव की प्राण. तू नोकरी मागायला गेलास तेव्हा त्यांनीच तुला ओळखलं, "तुम्ही ते बूट काढणारे ना?" म्हणाल्या आणि नोकरी तिथेच पक्की झाली. तू बंगल्यातला आहेस हे तू सांगितलं नाहीस, त्यांनीच धरून चाललं. तू फक्त नाही म्हणाला नाहीस. मग एकदा वडिलांचं विचारलं, तेव्हा गिरणीचा मालक म्हणून दाखवायला कोणी जिवंत लागू नये म्हणून तू त्यांना मारून टाकलंस. आता मालक तुला नव्या हॉटेलचा सगळा कारभार देणार आहेत आणि मालक-मालकीणबाई दोघं तुझ्याबरोबर खेळाला येणार आहेत, पहिल्या रांगेत. त्यामुळे आबा तिथे दिसता कामा नयेत.

"एक संध्याकाळ सांभाळ," असं तू म्हणालास. "एवढंच मागतोय."

तिथे तुझं आणखी कोणी आहे का, ते मी विचारलं नाही. आताही विचारत नाहीये.

मी आबांना टाळायचा प्रयत्न केला. म्हटलं, पास दोनच आहेत. ते म्हणाले, मी मागे उभा राहीन, आयुष्यभर उभ्यानेच काम केलंय. म्हटलं, गर्दीत धक्काबुक्की होईल. म्हणाले, मग तुझा हात धरतो. म्हटलं, तुम्हाला काही दिसणार नाही. यावर त्यांनी पुढची चादर ओढली. दुपारभर नुसत्या घड्या घातल्या. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण हल्ली असं पटकन वाटत नाही.

मग संध्याकाळी तुझा तो मधला मार्ग मी त्यांना सांगितला. तू म्हणालास तसाच. थिएटरात ते मागच्या रांगेत बसतील. खेळ संपल्यावर तू पाहुण्यांना गाडीत बसवशील आणि थिएटरच्या मागच्या फाटकाशी येशील, जिथे सायकली लावतात तिथे. निवांत भेटशील, घरी येशील, जेवशील. कारण काय सांगायचं ते मला सुचलं नाही, म्हणून म्हटलं, पुढे फार गर्दी असेल. आबांनी मान डोलावली. "साहजिक आहे," म्हणाले. "सिनेमावाला माणूस, त्याला लोक सोडणार आहेत थोडेच."

त्यांना काही शंका आली नाही, असं मी तुला सांगू शकत नाही. त्यांचा चेहरा कधी काही सांगतो का? तू त्यांचा मुलगा, तुला जास्त माहीत.

तर ठरलं. स्टेजवर तू म्हणशील ते मी म्हणेन. गरीब घरातली, हो. दिवंगत सासरे, हो. तू मागच्या फाटकाशी यायचं. हे मात्र नक्की. बाकी काही मागत नाही.

निळा ड्रेस घालावा म्हणतेय. तुला आठवतो का कोणास ठाऊक. सहज लिहिलं.

१७ मार्च

लंबू,

तू तिथे होतास, तरी सगळं लिहून काढतेय. तू बघत नव्हतास, म्हणून.

आबांनी पांढरा शर्ट घातला होता. मी इस्त्री केलेला, त्यांनी हात फिरवून पास केलेला. आम्ही बसने गेलो. आपल्या गल्लीतलं तिथे कोणी नव्हतं, त्यामुळे कोणी आबांना ओळखेल ही तुझी काळजी फुकट गेली. त्यांना शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की मी घ्यायला येईपर्यंत इथून हलायचं नाही. म्हणाले, "मी काय पळून जाणार आहे? पळून जायचं वय तुमचं होतं."

स्टेजवरचं तुला माहीत आहे. तू छान दिसत होतास. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मला ते सगळं भिंतीपलीकडे चाललंय असं वाटत होतं. निवेदकाने विचारलं, "झोपडीतून बंगल्यात गेलात, तेव्हा काय वाटलं?" मी म्हटलं, "सवय झाली हळूहळू." लोक हसले. तुला विचारलं, वडील शेवटी तयार कसे झाले, तर तू छताकडे बघून म्हणालास, "ते आज असते तर खूश झाले असते." शेवटच्या रांगेपर्यंत माइक ऐकू जातो का, याचा तू विचार केला होतास का? मी केला होता, पण तोपर्यंत तू बोलून गेला होतास.

मग त्यांनी आपल्याला बूट काढायला लावले. तू काढलेस. मुली रडत होत्या.

खेळ संपल्यावर मी आबांना घेऊन मागच्या फाटकाशी गेले. तिथे एक सायकल होती आणि कुलूप लावायला आलेला वॉचमन. आम्ही थांबलो. वॉचमनने दोनदा विचारलं, कोणाची वाट बघताय. थिएटर रिकामं व्हायला लागलं. आबा म्हणाले, "चल, आपणच पुढे जाऊन बघू, त्याला सापडत नसेल." मी अडवलं नाही. मला अडवायचं नव्हतं, हे आता लिहायला हरकत नाही.

पुढच्या दालनात तुम्ही तिघं पोस्टरसमोर उभे होतात. मालक, मालकीणबाई, तू. फोटोवाला कॅमेरा लावत होता. आबा माझा हात सोडून तुझ्याकडे निघाले. त्यांना चेहरा दिसला नसणार एवढ्या लांबून, तुझ्या उभं राहण्यावरून ओळखलं असेल. अर्ध्या वाटेत त्यांनी हात पुढे केला. तू त्यांच्याकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. तो चेहरा मी विसरणार नाही. लहान मुलाच्या हातून काचेचं काही फुटल्यावर होतो, तसा.

मालकीणबाईंनी हसत विचारलं, "आणि हे कोण?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते मला माहीत नाही. आबाच बोलले. हात खाली घेतला आणि म्हणाले, "मी बाईंकडे इस्त्रीचं काम करतो. बाईंनी साहेबांचा सिनेमा बघायला आणलं." मग तुझ्याकडे वळून, "साहेब, फार छान झालं बघा."

आणि तू म्हणालास, "हो, हो. जुना माणूस आहे आमच्याकडचा."

तू त्यांच्या खांद्यावर थोपटलंस. मालकीणबाईंना फार कौतुक वाटलं, म्हणाल्या, आजकाल नोकरांना एवढा मान कोण देतं. त्यांना फोटोत घ्या म्हणाल्या. आबा तुझ्या शेजारी उभे राहिले, उंचीला तुझ्याएवढेच, आणि तुझ्याकडे वाकले. चांगले वाकले, तुझ्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन. बाई म्हणाल्या, "अहो, वाकताय कशाला, सरळ उभे राहा." त्यांना वाटलं म्हातारा अदबीने वाकतोय. तो एवढ्या जवळूनच माणूस बघू शकतो, लंबू. त्याने तुला बघून घेतलं.

मग तुम्ही गाडीत बसून गेलात.

बसमध्ये मी दोन तिकिटं काढली. मग ते म्हणाले, "जरा सुटलाय. केसांना काळं लावतो वाटतं." मी म्हटलं, आबा, तुम्ही असं का म्हणालात? म्हणाले, "त्याची अडचण झाली असती." एवढंच. घरी येऊन जेवले, नेहमीएवढंच जेवले. मी त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं, ते गालावरून ओघळलं, तेव्हा मी पुसलं. औषधच होतं. मी जवळच होते म्हणून सांगते.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं.

८ एप्रिल

लंबू,

मी अजून लंबूच लिहितेय. इथे आता तसं फक्त मीच म्हणते.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. इतकी वर्षं मी वाट बघत होते असं पत्र शेवटी आलं, आणि मी ते गिऱ्हाइकाच्या कपड्यांबरोबर आलेल्या चिठ्ठीसारखं उभ्याउभ्या वाचलं. तुला फार लाज वाटते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. वाचलं. खरं असेल. तू खोटं लिहीत असशील असं मला वाटत नाही. तुझं खोटं नेहमी दुसऱ्या कोणीतरी धरून चाललेलं असतं, तू फक्त नाही म्हणत नाहीस.

पत्र आल्याचं मी आबांना सांगितलं. वाचून दाखवू का विचारलं. म्हणाले, "कोणाचं?" मी म्हटलं, तुमच्या मुलाचं. ते म्हणाले, "साहेबांचं होय? बरे आहेत ना साहेब?" आणि परत घड्या घालायला लागले. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. त्या दिवसापासून ते तुला साहेबच म्हणतात. मला विचारतात, साहेबांच्या हॉटेलचं कुठवर आलं, साहेबांची तब्येत कशी आहे. गिऱ्हाइकांना सिनेमाचं सांगणं बंद झालंय. कोणी विचारलं तर म्हणतात, छान झाला कार्यक्रम, बाईंबरोबर गेलो होतो. मी एकदा म्हटलं, आबा, पुरे आता हे. ते म्हणाले, "अगं, एकदा सांगून बसलो ना. मालकीणबाईंना कुठून कळलं तर पोराच्या पोटावर पाय यायचा." म्हणजे शेजाऱ्यांसमोरही नको, दुकानातही नको, घरातही नको. तू एका संध्याकाळपुरतं मागितलं होतंस. त्यांनी कायमचं देऊन टाकलं. ते देताना हात आखडत नाहीत, तुला माहीत आहे.

डाव्या डोळ्याचं आणखी कमी झालंय. आता नाकाशी आलेला माणूसही धूसर दिसतो. डॉक्टर म्हणाले, उजेड-अंधार कळेल अजून बरीच वर्षं. आबा म्हणाले, तेवढं घड्या घालायला पुरतं.

माझ्याबद्दल विचारलंस. माझ्या भावाने बोलावलंय, कायमचं ये म्हणाला, पप्पांच्या घरातली वरची खोली देतो. मी नाही म्हणून कळवलं. इथे माझे सासरे आहेत. दिवंगत नाहीत.

आणि आपलं काय, असंही तू विचारलंस. ते मला खरंच माहीत नाही. निळा ड्रेस तू ओळखलास की नाही हे मला विचारायचं होतं, आता तेही विचारावंसं वाटत नाही. उद्या वाटलं तर लिहीन.

आता तुझं मुख्य. रविवारी येतो म्हणतोस. ये. मी तुला थांबवणार नाही, कधीच थांबवलं नव्हतं. पण त्यापुढे तू जे लिहिलंयस ते जमणार नाही. "तू आधी आबांची समजूत घालून ठेव, मी आल्यावर तू पुढे हो, त्यांना हळूच सांग." मी काही सांगणार नाही. स्टेजवर तुझ्यासाठी जेवढं बोलायचं होतं तेवढं मी बोलून चुकले, आणि स्टेजखाली आबा बोलले.

रविवारी मी खाली दुकानात असेन. वर आबा एकटे असतील. बेल वाजली की तेच उठतात, भिंतीला हात लावत येतात आणि दार उघडून विचारतात, "कोण?" समोरचा बोलेपर्यंत थांबतात, घाई करत नाहीत. तू कोण आहेस, ते तू सांग.